पावती गेली का? आधी लॉग बघा

‘पावती मिळाली नाही’ असा देणगीदाराचा फोन आला की घाईने दुसरी पाठवू नका. आधी देणग्यांच्या सॉफ्टवेअरमधला ईमेल लॉग, म्हणजे पाठवलेल्या मेलची नोंदवही, उघडा. मेल निघालाच नाही, की पत्ता चुकल्याने परत आला? ‘उघडला’ या नोंदीवर मात्र विसंबू नका. मेलमधलं छोटं चित्र उतरलं की ही नोंद होते, आणि काही मेल ॲप चित्रं आपोआप उतरवून घेतात, त्यामुळे न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो.

देणगीची रक्कम बदललेली दिसली, तर कोणी बदलली, कधी, आधीचा आकडा काय होता, हे ॲक्टिव्हिटी लॉगमध्ये बघा. पण सगळं ऑफिस एकाच लॉगिनवर चालत असेल तर तिथे नुसतं ‘ॲडमिन’ दिसणार आणि संशय सगळ्यांवर येणार. म्हणून प्रत्येकाला, अगदी दोन दिवसांच्या स्वयंसेवकालाही, स्वतंत्र लॉगिन द्याच. काही सॉफ्टवेअर जुने लॉग ठरावीक मुदतीनंतर पुसतात; त्याआधी उतरवून ठेवा.