‘सहज विजय’ लिहिण्याआधी

टेनिसवर लिहायचं म्हणून वृत्तपत्राच्या क्रीडा डेस्कवर नव्याने आलेली मुलं पहिल्यांदा विचारतात, खेळाडूंच्या मुलाखती कशा मिळवायच्या? मुलाखती मिळतात. आधी सामना शेवटपर्यंत बघायची सवय लावा.

मी नवा होतो तेव्हा पुण्यात डेक्कन जिमखान्यावर महिलांची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा चालू होती. त्या दिवशी पान छपाईला लवकर सुटणार होतं, म्हणून एका सामन्याचा पहिला सेट पाहून मी निघालो. 6-2. दुसऱ्या सेटचा स्कोअर फोनवरून घेतला, 7-5, आणि ‘सरळ सेटमध्ये सहज विजय’ असं लिहून मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी हरलेल्या मुलीचे वडील कोर्टाबाहेर भेटले. हातात घडी घातलेला अंक. आवाज न चढवता म्हणाले, “दुसऱ्या सेटमध्ये ती 5-3 ने पुढे होती. तीन सेट पॉइंट होते तिच्याकडे. तुम्ही होतात का तिथे?” मी नव्हतो. आणखी एक गुण मिळाला की सेट तिचा, अशा तीन संधी तिला मिळाल्या होत्या. या पातळीवरची मुलं अशी कात्रणं फाइलला लावून प्रायोजकांकडे जातात, हे मला तेव्हा कळलं. माझं कात्रण तिच्या काही कामाचं नव्हतं.

टेनिसमध्ये नुसता स्कोअर फार फसवतो. 2019 ची विम्बल्डनची अंतिम लढत घ्या. फेडररने एकूण 218 गुण जिंकले, जोकोविचने 204. पाचव्या सेटमध्ये 8-7 असताना फेडररच्या स्वतःच्या सर्व्हिसवर त्याला दोन चॅम्पियनशिप पॉइंट होते, म्हणजे त्यातला एक जिंकला की विजेतेपद. तरी 13-12 ने सेट आणि विजेतेपद जोकोविचचं. ‘फेडरर कमी पडला’ असं लिहिणाऱ्याने हे आकडे समोर ठेवायला हवेत. आकड्यांनाही तपासून घ्या. ‘टाळता येण्याजोग्या चुका’ हा रकाना मोजणाऱ्याच्या मतावर भरला जातो. बिनतोड सर्व्हिस कुणीही मोजो, तेवढीच भरते. चूक टाळता आली असती की नाही, यावर दोन माणसांचं मत वेगळं पडू शकतं.

मासिकात जाणार असाल तर दोन जुन्या गोष्टी माहीत हव्यात. 1950 मध्ये ‘अमेरिकन लॉन टेनिस’ या मासिकात माजी विम्बल्डन विजेती ॲलिस मार्बल हिने टेनिसपटू अल्थिया गिब्सनची बाजू घेऊन लेख लिहिला. कृष्णवर्णीय म्हणून गिब्सनला मोठ्या स्पर्धांची दारं बंद होती, आणि मार्बलने टेनिसच्या कारभाऱ्यांना त्याबद्दल उघड जाब विचारला. त्याच ऑगस्टमध्ये गिब्सन फॉरेस्ट हिल्सवर, अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत, उतरली. पुढे 1957 आणि 1958 मध्ये विम्बल्डन तिने जिंकलं. आपल्या धंद्यातला इतका मोलाचा लेख मला दुसरा माहीत नाही.

दुसरी गोष्ट ग्लॅडिस हेल्डमनची. ‘वर्ल्ड टेनिस’ मासिक तिचंच. 1970 मध्ये पुरुषांच्या मानाने महिलांना मिळणारी बक्षिसाची रक्कम फारच तुटपुंजी होती, तेव्हा तिने नऊ खेळाडूंशी एकेका डॉलरचा करार करून ह्यूस्टनमध्ये वेगळी स्पर्धा उभी केली. मला ती बाई थोर वाटते. पण स्पर्धाही तिची आणि तिच्याबद्दल छापणारं मासिकही तिचंच. अशा वेळी वाचकाला हे नातं लेखातच सांगितलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. काम कितीही चांगलं असलं तरी.

कारण हाच प्रश्न तुमच्या टेबलावर रोज येणार आहे, फक्त लहान रूपात. एका मासिकात असताना मी एका रॅकेटचं परीक्षण लिहिलं होतं. तार 58 पौंडांवर ओढलेली, फटका मारला की कोपरापर्यंत हादरा जायचा. 50 पौंडांवर ओढून घेतली तर तीच रॅकेट बरीच मवाळ झाली. हे दोन्ही मी लिहिलं. अंक हातात आला तेव्हा हादऱ्याचं वाक्य गायब, आणि समोरच्या पानावर त्याच रॅकेटची पानभर जाहिरात. तेव्हापासून परीक्षण देताना मी तारेचा ताण आणि रॅकेट कुणी दिली, हे पहिल्याच परिच्छेदात घालतो. तिथून कापलं तर पुढचं काही समजत नाही, त्यामुळे कापणाऱ्याला आधी मला फोन करावा लागतो.

वहीतही तसंच. प्रत्येक सामन्याच्या वर कोर्टाचा क्रमांक आणि मी किती वाजता बसलो, किती वाजता उठलो, हे लिहून ठेवतो. दुसरा सेट पाहिलेला नसेल तर नुसता स्कोअर देतो. विशेषण एकही घालत नाही.