काळ्या पायांच्या फेरेटसोबत दोन हंगाम : या कामात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी

परभणीला पशुवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर वन्यजीवशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी मी अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात आले आणि तेथे काळ्या पायांच्या फेरेटच्या प्रजनन व पुनर्स्थापनेच्या कामात दोन हंगाम काढले. पाणमांजर आणि चांदी अस्वल (हनी बॅजर) ज्या कुळातले, त्याच कुळातला हा जेमतेम किलोभर वजनाचा, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला निशाचर मांसभक्षक आहे. महाराष्ट्रातले विद्यार्थी मला बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात, की प्राणी हाताळायला कधी मिळतात. पहिल्या हंगामात जवळजवळ मिळत नाहीत. याचे कारण या प्राण्याच्या इतिहासात आहे, आणि तो माहीत नसेल तर रोजचे काम निरर्थक वाटू लागते.

हा प्राणी जवळजवळ संपूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतो. प्रेअरी डॉग हा खारीच्या कुळातला, गवताळ प्रदेशात वसाहतीने राहणारा कृंतक, म्हणजे कुरतडणारा प्राणी आहे. फेरेट त्यालाच खातो आणि त्याच्याच बिळात राहतो. गवत खातो म्हणून पशुपालकांनी आणि सरकारने प्रेअरी डॉगला विष घातले, माळ नांगरले गेले, प्लेग आला आणि फेरेटचा आधारच गेला. १९६४ मध्ये साउथ डकोटात एक छोटा समूह सापडला होता. त्यातले काही प्राणी पुढे प्रजननासाठी पकडले गेले, परंतु डिस्टेंपर या कुत्र्यांनाही होणाऱ्या विषाणुजन्य रोगाच्या, जिवंत विषाणू असलेल्या लसीनेच सहापैकी चार दगावले. १९७९ मध्ये बंदिस्तातला अखेरचा फेरेट मेला तेव्हा जात संपली असे मानले गेले. २६ सप्टेंबर १९८१ रोजी वायोमिंगमधील मिटीटसीजवळ एका पशुपालकाच्या कुत्र्याने मेलेला फेरेट घरी आणला आणि त्यावरून तिथल्या समूहाचा शोध लागला. १९८४ मध्ये तिथे १२९ फेरेट मोजले गेले, पण पुढच्याच वर्षी प्लेग आणि डिस्टेंपर एकत्र आले. पकडलेले पहिले सहा फेरेट डिस्टेंपरने मेले. १९८७ च्या सुरुवातीपर्यंत राहिलेले १८ बंदिस्तात आणले गेले आणि त्यांतल्या केवळ सातांचा वंश पुढे टिकला.

मिटीटसीला पकडलेले पहिले सहाही प्राणी मेले, ही गोष्ट प्रजनन केंद्रातला प्रत्येक नियम समजावून देते. आत जाण्यापूर्वी कपडे, पादत्राणे बदलायची, मास्क लावायचा, हात धुऊन हातमोजे घालायचे, आणि माणसाचा फ्लू फेरेटला होतो म्हणून घसा खवखवत असला तरी आत पाऊल टाकायचे नाही. पहिल्या महिन्यात मला सकाळी हलकी सर्दी जाणवली. मनुष्यबळ कमी होते, मास्क लावला की चालेल असे वाटून मी गप्प राहण्याच्या बेतात होते, पण दारापाशी थांबून पर्यवेक्षकांना सांगितले आणि मला आठवडाभर कार्यालयातल्या कामावर पाठवण्यात आले. त्या आठवड्याबद्दल मला कोणी बोल लावला नाही. पशुवैद्य म्हणून आपल्याला हात लावून तपासण्याची सवय असते; इथे लांबून पाहण्याची सवय लावावी लागते. विष्ठा घट्ट आहे की पातळ, मांसाचा वाटा किती उरला, घरट्याच्या पेटीतले गवत विस्कटले आहे का, एवढ्यावरून प्राण्याची प्रकृती ओळखायची असते. माणसाला सरावलेला फेरेट माळावर टिकणार नाही, त्यामुळे त्याच्याशी बोलणे किंवा लाडाचे नाव घेणे हेही टाळायचे. मला हे फार जड गेले.

मार्च ते मे हा जोडीचा काळ असतो. नराच्या वृषणांची वाढ तपासतात आणि मादीच्या योनिमार्गातील पेशींची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ती माजावर आली का ते ठरवतात. कोणता नर कोणत्या मादीजवळ सोडायचा हे वंशावळीच्या नोंदवहीवरून, नात्याचे अंतर मोजून ठरते, कारण सगळेच मूळ सातांचे वंशज आहेत. गर्भकाळ सुमारे ४२ दिवसांचा असतो आणि त्या अखेरच्या दिवसांत मादीला कोणताही व्यत्यय आणायचा नसतो. पहिल्याच हंगामात मी एका मादीच्या जोडीची तारीख शेजारच्या पिंजऱ्याच्या रकान्यात लिहिली. चार दिवसांनी स्लाइडच्या नोंदी जुळेनात तेव्हा ती चूक माझ्याच लक्षात आली. ती लपून राहिली असती, तर पिल्ले नेमकी जन्मत असताना कोणीतरी त्या मादीची पेटी साफ करायला गेले असते. चूक खोडून न टाकता तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी खरा आकडा, वेळ आणि सही लिहायची, आणि तोंडीही सांगायचे, हे मी त्या दिवशी शिकले.

नोंदींचे मोल किती लांबवर पोहोचते याचे उदाहरण याच जातीत आहे. विला नावाच्या मादीचा वंश पुढे चालला नव्हता. ती १९८८ मध्ये मेली, मात्र तिच्या पेशी सॅन दिएगोच्या गोठवलेल्या संग्रहात जपून ठेवल्या गेल्या. त्यांपासून १० डिसेंबर २०२० रोजी एलिझाबेथ अॅन ही क्लोन जन्मली, आणि २०२३ मध्ये जन्मलेल्या अँटोनिया या दुसऱ्या क्लोनने २०२४ मध्ये पिल्ले दिली. सातांपलीकडचे जनुक अशा प्रकारे परत आले. कोणीतरी ती कुपी नीट लिहून ठेवली होती, म्हणूनच हे घडू शकले.

पिल्ले जन्मली म्हणजे काम झाले, असे नसते. सोडण्याआधी त्यांना किमान महिनाभर मोकळ्या आवारात, मातीच्या खऱ्या बिळांत राहावे लागते आणि जिवंत प्रेअरी डॉग मारून दाखवावा लागतो. भक्ष्य अंगाने जवळजवळ त्यांच्याएवढे असते, दात लागतात, आणि ही शिकार पाहणे आपल्यातल्या अनेकांना अवघड जाते. माझ्यासोबतच्या एका मुलीने त्या आवाराचे काम सोडले आणि ती प्रयोगशाळेत गेली. मला तो निर्णय प्रामाणिक वाटतो. १९९१ मध्ये वायोमिंगमधील शर्ली बेसिनला पहिले ४९ फेरेट सोडले गेले, त्यानंतरच्या अनुभवातून हे स्पष्ट होत गेले, की पिंजऱ्यातून थेट सोडलेल्यांपेक्षा अशा आवारात वाढलेले प्राणी जास्त जगतात.

सोडल्यानंतरचे काम रात्रीचे आहे. साउथ डकोटातील कोनाटा बेसिनमध्ये शरद ऋतूत मी बारा रात्री गाडीत बसून सर्चलाइट फिरवला. हिरव्या पाचूसारखे डोळे चमकले की खूण लक्षात ठेवायची, बिळाच्या तोंडावर चिपवाचकाचे कडे ठेवायचे आणि कातडीखालची तांदळाच्या दाण्याएवढी ओळखचिप वाचली जाण्याची वाट पाहायची. चिप नसलेला प्राणी म्हणजे माळावरच जन्मलेले पिल्लू. त्याला सापळ्यात धरून डिस्टेंपर आणि प्लेगची लस देतात. प्लेग पिसवांमधून पसरतो, म्हणून दिवसा दुसरी तुकडी बिळांत पिसूनाशक भुकटी फवारत असते. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात ज्या जागतिक साथीने माणसे मेली, तिच्याच लाटेत १९०० च्या सुमारास हा रोग जहाजांतून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला आणि जंगली कृंतकांत कायमचा राहिला. २००८ मध्ये तो कोनाटा बेसिनमध्ये पोहोचला, आणि तेव्हापासून फवारणी हे तिथले दरवर्षीचे काम झाले आहे. माझ्या मते पिंजऱ्यातल्या कौशल्यापेक्षा या फवारणीवर जातीचे भवितव्य जास्त अवलंबून आहे, तरी नवे विद्यार्थी तिच्याकडे कमी वळतात. आज रानात काही शेच फेरेट आहेत. जात धोक्याबाहेर मानण्यासाठी ३० ठिकाणी मिळून ३,००० प्रौढ हवेत.

तेवढी ठिकाणे पशुपालकांच्या संमतीशिवाय मिळणार नाहीत. आमच्या शेतात रानडुकरांनी एका रात्रीत भुईमूग उकरलेला मी पाहिला आहे, त्यामुळे प्रेअरी डॉगला शत्रू मानणाऱ्या माणसाचे म्हणणे मला परके वाटले नाही. त्याच्या स्वयंपाकघरात बसून त्याच्या गवताचा हिशेब आधी ऐकावा, आपल्या प्राण्याचा विषय नंतर काढावा.

यासाठी अमेरिकेलाच यायला हवे असे नाही. आसाममध्ये १९९६ पासून सहा प्राण्यांच्या बळावर उभे राहिलेले पिग्मी हॉग या बुटक्या रानडुकराचे काम आणि हरियाणातील पिंजोरचे गिधाड केंद्र हीच पद्धत शिकवतात. येणारच असाल तर हे जाणून या, की भारतीय पदवीवर इथे पशुवैद्य म्हणून थेट व्यवसाय करता येत नाही. संशोधन सहायक किंवा क्षेत्र सहायक म्हणूनच सुरुवात होते. साथरोगशास्त्र, संख्याशास्त्र आणि नकाशांचे सॉफ्टवेअर आधी शिका, खडबडीत रस्त्यावर रात्री गाडी चालवण्याचा सराव करा. हंगामी जागांची शोधाशोध हिवाळ्यातच सुरू करा. दुसऱ्या हंगामाच्या मुलाखतीत मला प्राण्यांविषयी एकच प्रश्न विचारला गेला. उरलेला अर्धा तास मी नोंद चुकल्यावर काय केले, किती वेळात केले आणि कोणाला सांगितले, यावरच बोलत होते.