अनुकूलन शिकवताना आधी जागा, मग प्राणी

अनुकूलन म्हणजे सजीवाला त्याच्या जागी जगायला मदत करणारी, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घडण किंवा वागणूक. त्याचा पाठ बहुतेक वर्गांत ध्रुवीय अस्वल आणि उंट यांच्या चित्रांनी सुरू होतो, आणि ‘उंटाचे पाय पसरट असतात, कारण तो वाळूत चालतो’ हे वाक्य पाठ करून मुले मोकळी होतात. विदर्भातील खेड्यात शिकवणाऱ्याला सुरुवातीला या चित्रांची गरज नाही. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जुलैत त्याच भागातील धानाच्या बांध्या पाण्याने भरतात. जगण्याच्या अटी इतक्या झपाट्याने पालटणाऱ्या मुलुखात जो प्राणी तग धरून आहे, त्याच्यापासून पाठाला सुरुवात करता येते. आपल्याकडे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनअखेरीस उघडतात, तेव्हा हा पाठ पहिल्या पावसातच घ्यावा.

पहिला तास कोणत्याही प्राण्याचे नाव न घेता घालवावा. मुलांना सकाळी शाळेजवळच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, न्यावे आणि केवळ जागेविषयी विचारावे: येथे सावली किती आहे, पाणी किती लांब आहे, लपायला काय आहे, खायला काय मिळेल आणि खाणारा कोण येईल? या अडचणी फळ्यावर लिहून झाल्यावरच ‘अशा जागी कोणाला राहणे जमेल?’ हा प्रश्न टाकावा. क्रम उलटा झाला, तर मुले अवयवांची यादी करतात आणि तो अवयव कोणत्या अडचणीवर उपयोगी पडतो, हा मुद्दा बाजूला राहतो.

या कामाला टिटवीइतका सोयीचा पक्षी नाही. ती उघड्या जमिनीवर, कधी चक्क वावरात, उथळ खळग्यात बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावर काळपट ठिपके असल्याने ती अंडी ढेकळांत आणि खड्यांत दिसेनाशी होतात. कडक उन्हात हा पक्षी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणतो आणि अंड्यांवर बसून ती थंड ठेवतो. शरीराच्या किंवा अंड्याच्या घडणीतले अनुकूलन आणि वागणुकीतले अनुकूलन, हे दोन्ही प्रकार येथे एकत्र सापडतात. टिटवीने उंचावर अंडी घातली तर पाऊस जास्त होतो, असे कोणीतरी मूल हटकून सांगेल. ते लगेच खोडून न काढता घरट्याची जागा आणि त्या वर्षीचा पाऊस यांची नोंद ठेवायला लावावी. घरटे मात्र लांबूनच आणि थोड्या मुलांना दाखवावे. पक्षी ओरडू लागला की मागे फिरावे, कारण उघडी पडलेली अंडी उन्हात तापतात.

खरी अडचण यानंतर येते. शत्रू पाहून टिटवीने अंड्यांचा रंग बदलला, अशी मुलांची समजूत होते, आणि ‘प्राण्यांनी स्वतःला परिस्थितीप्रमाणे बदलून घेतले’ असे आपणही सहज बोलून जात असल्याने ती पक्की होते. कोणत्याही टिटवीने काही ठरवलेले नाही. अंड्यांच्या रंगात थोडाफार फरक असतोच. जी उठून दिसली ती खाल्ली गेली, जी दिसली नाहीत त्यांतून पिल्ले निघाली आणि तोच रंग असंख्य पिढ्यांतून पुढे आला. हे सांगून पटत नाही, ते खेळूनच पटते.

त्यासाठी हिरव्या, मातकट आणि लाल लोकरीचे बोटभर तुकडे कापून, प्रत्येक रंगाचे २० याप्रमाणे, मैदानातील गवतावर विखरून टाकावेत. चार मुलांनी पक्षी होऊन प्रत्येकी १० तुकडे झटपट टिपून आणावेत. गवतात उरलेले २० तुकडे शोधत बसण्याचे कारण नाही. प्रत्येक रंगाचे किती उरले, हे वजाबाकीने कळते. उरलेल्या प्रत्येक तुकड्यामागे त्याच रंगाची दोन ‘पिल्ले’ गवतात टाकावीत, म्हणजे संख्या पुन्हा ६० होते. अशा तीन-चार फेऱ्यांत लाल रंग बहुधा संपत येतो आणि हिरवा वाढतो. मग हाच खेळ नांगरलेल्या जमिनीवर घ्यावा. तेथे हिरव्याची गत लालसारखीच होते. एकाही तुकड्याने आपला रंग बदलला नाही, तरी गवतातील रंगांचे प्रमाण बदलले, हे मुलांकडूनच वदवून घ्यावे. शेवटी तुकडे वेचून घ्यायला विसरू नये, नाहीतर शेळ्या ते खातील.

उष्णतेचा विषय गोठ्यातून शिकवावा. म्हशीच्या अंगात घर्मग्रंथी कमी असतात आणि कातडी काळी असते, म्हणून ती डबक्यात बसते. वर्ध्याकडची पांढरी गवळाऊ गाय त्याच उन्हात चरते, तर थंड मुलुखातील वंशाच्या होल्स्टीन गाईला धाप लागते. ओल्या कापडात आणि कोरड्या कापडात गुंडाळलेले पाण्याचे दोन तांबे वाऱ्यावर ठेवून अर्ध्या तासाने हात लावायला सांगितले, की चिखल आणि घाम यांचे काम कळते. येथे ताप मोजण्याची तापमापी वापरू नये. ती साधारण ४२ अंशांपर्यंतच मोजते आणि आपल्या उन्हात फुटते. मुले डोक्याला दुपट्टा बांधतात, तेही अनुकूलन का, हा प्रश्न अवश्य विचारावा. ती शिकलेली सवय आहे, जन्माबरोबर आलेली नाही.

बोडी (शेतातले लहान तळे) किंवा मामा तलाव (जुना मालगुजारी तलाव) जवळ असेल, तर कमळपक्ष्याची लांब बोटे पानांवर भार कशी पसरवतात, हे काठावरून दाखवावे. मरळ पाण्याबाहेर तोंड काढून हवा का घेते, हे सांगायला गावातील मासेमारी करणाऱ्या एखाद्या ढिवर आजोबांना वर्गात बोलवावे. उन्हाळ्यात आटत्या तलावातील चिखलात हा मासा कसा टिकतो, ते त्यांच्याकडूनच ऐकलेले बरे.

चाचणीत ‘दोन अनुकूलने लिहा’ असे विचारू नये. लोणार सरोवराचे पाणी खारट आणि अल्कधर्मी असल्याने त्यात मासे सहसा जगत नाहीत, एवढे सांगून ‘तेथे मरळ सोडली तर काय होईल?’ असे विचारावे. ‘हळूहळू तिला सवय होईल’ असे ज्यांनी लिहिले, त्यांच्यासोबत लोकरीचा खेळ पुन्हा घ्यावा आणि या वेळी वजाबाकी त्यांच्याकडूनच करून घ्यावी.