जुन्या मोटारीचे ब्रेक कॅलिपर : दुरुस्ती आणि विक्री
कॅलिपर म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाच्या तबकडीवर दाबणारा भाग. त्यातील पिस्टन हवेच्या दाबाने काढताना समोर लाकडी ठोकळा ठेवावा आणि बोटे दूर ठेवावीत, कारण अडकलेला पिस्टन सुटतो तो गोळीसारखाच. सील जिथे घासते तिथे गंजाचे खड्डे दिसल्यास पॉलिश करत बसू नये. पिस्टन सरळ बदलावा. नवे रबरी सील डॉट ४ दर्जाचे ब्रेक ऑइल लावूनच बसवावे, साध्या ग्रीसने ते फुगते. कॅलिपरवर गंजरोधक जस्ताचा थर चढवायचा, म्हणजे झिंक प्लेटिंग करायचे, तर त्याची चौकशी नाशिकमध्ये सातपूर किंवा अंबड औद्योगिक वसाहतीत करावी, मात्र बोअर (पिस्टन सरकतो ती पोकळी) आणि सीलची खाच आधी झाकून घ्यावी. विकताना डावे-उजवे जोडीनेच द्यावेत, ऑइलची तोंडे बुचाने बंद करावीत आणि कोणते भाग नवे, कोणते जुने, हे ग्राहकाला लेखी कळवावे. नुसत्या चकचकीत रंगावर जास्त किंमत मागणे मला पटत नाही.