पहिल्या कमिटच्या आधी

नव्यानं नोकरीला लागलेल्यांच्या वाट्याला कोरा प्रोजेक्ट क्वचितच येतो. येतो तो कुणीतरी 'फायनल', 'फायनल नवीन' अशा झिप करकरून जपलेला फोल्डर आणि वर एक सूचना: हे गिटवर टाक. गिट म्हणजे फायलींमधल्या बदलांचा इतिहास जपणारं साधन. त्याच्या इनिट (सुरुवात), अॅड (फायली निवडणं), कमिट (निवडलेल्यांची इतिहासात नोंद) या कमांड कुणीही सांगेल. खरं काम असतं ते इनिट आणि अॅड यांच्या मध्ये.

गिट इनिट बिनधास्त चालवा. तुमच्या फायलींना धक्का लागत नाही, फक्त डॉट-गिट नावाचा लपलेला फोल्डर तयार होतो. पुढचा सगळा इतिहास त्यातच साठतो. मग लगेच सगळं अॅड करत सुटू नका, आधी डॉट-गिटइग्नोर, म्हणजे गिटनं कशाकडे दुर्लक्ष करायचं त्याची यादी, लिहा. नोड मॉड्यूल्स (डाउनलोड केलेल्या लायब्ररी), बिल्ड, लॉग, म्हणजे जे पुन्हा तयार करता येतं ते सगळं बाहेर. पासवर्ड असलेली डॉट-ईएनव्ही फाइल तर बाहेरच. (तिची रिकामी नमुना प्रत मात्र आत ठेवा, नाहीतर पुढचा माणूस तुम्हालाच फोन करत बसेल.) गिट स्टेटस नव्या फोल्डरचं फक्त नाव दाखवतं, आतलं दाखवत नाही. म्हणून गिट अॅडला ड्राय-रन (प्रत्यक्षात न करता नुसतं काय होईल ते दाखवणं) लावून यादी वाचा, कंटाळा आला तरी.

एवढी काटेकोरी कशाला? कारण एकदा कमिट झालेली फाइल पुढच्या कमिटमध्ये उडवली तरी इतिहासात राहतेच. नंतर इग्नोरमध्ये नाव घालूनही उपयोग नसतो. गिट आरएमला कॅश्ड लावून ती आधी गिट लक्ष ठेवत असलेल्या फायलींच्या यादीतून काढावी लागते. पासवर्ड पुश झालाच (म्हणजे सर्व्हरवर चढलाच), तर तो आधी बदला, इतिहासाची साफसफाई मागाहून. गिटहब, म्हणजे गिटचे प्रोजेक्ट ठेवायची वेबसाइट, १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. तिथेही हेच: फाइल आज काढली तरी जुन्या कमिटमुळे पुश अडतो.

गिटहबवर रेपो (प्रोजेक्टची जागा) उघडताना रीडमीची (माहितीच्या फाइलची) खूण करू नका, नाहीतर पहिलाच पुश नाकारला जाईल. तिथली मुख्य ब्रँच (कामाची शाखा) २०२० पासून मेन आहे, तुमच्याकडे मास्टर असेल तर नाव बदलून घ्या.

जुन्या झिप लगेच उडवू नका. रेपो दुसऱ्या फोल्डरमध्ये क्लोन करा (म्हणजे पूर्ण प्रत उतरवा) आणि प्रोजेक्ट तिथून चालवून बघा. अपलोडचा रिकामा फोल्डर बहुधा गायब असतो, कारण गिट रिकामे फोल्डर ठेवतच नाही. त्यात डॉट-गिटकीप नावाची रिकामी फाइल टाका आणि पुन्हा कमिट करा.