न दिसणारे चॅनेल आणि क्यूचा आवाज

रत्नागिरीतल्या एका लहान प्रसारण केंद्रात मी ध्वनितंत्रज्ञ म्हणून रुजू झालो, तेव्हा कन्सोलवर, म्हणजे आवाज मिसळण्याच्या पाटावर, फेडर (आवाजाची पातळी कमीजास्त करण्याच्या सरकपट्ट्या) आठच होते आणि आवाजाचे स्रोत मात्र चौदा. ही तोंडमिळवणी कशी होते हे समजायला मला बराच काळ लागला. डिजिटल कन्सोलमध्ये आपण हाताळतो तो केवळ नियंत्रणाचा पृष्ठभाग असतो; प्रत्यक्ष मिक्सिंग रॅकमधल्या इंजिनात होते, आणि म्हणूनच एखादा स्रोत फेडरवर न आणताही इंजिनात चालू ठेवता येतो. अशा चॅनेलला, म्हणजे स्रोताच्या मार्गाला, आम्ही लपवलेला चॅनेल म्हणतो. निर्मात्याचा टॉकबॅक माइक (श्रोत्यांना ऐकू न जाता निवेदकाशी बोलण्याचा), बाहेरच्या प्रक्षेपणस्थळाशी बोलण्याची लाइन, ऑन एअर आवाज परत ऐकण्याचा फीड, अशा ज्यांची पातळी रोज बदलावी लागत नाही त्या गोष्टी तिथे ठेवाव्यात. श्रोत्यांपर्यंत जाणारा माणसाचा आवाज मात्र कधीही लपवू नये, असे माझे ठाम मत आहे, कारण ज्याच्यावर बोट ठेवता येत नाही तो आवाज वेळेवर बंदही करता येत नाही.

हे मत एका सकाळी तयार झाले. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मच्छीमारांसाठी फोन-इन चालू होते. टॉकबॅकचा चॅनेल आदल्या रात्री मीच लपवला होता, पण त्याची प्रोग्रॅम बसवरची, म्हणजे श्रोत्यांपर्यंत जाणाऱ्या मिक्सच्या वाटेवरची, नेमणूक काढायची राहून गेली होती. निर्मातीताई निवेदकाला म्हणाल्या, "हर्णैच्या काकांची रेंज तुटतेय, आधी मिरकरवाड्याचा फोन घ्या," आणि हे वाक्य थेट प्रसारित झाले. मी आठही फेडर पाहिले. सगळे जागच्या जागी होते. कुठलाही दिवा चुकीचा पेटलेला नव्हता. ताई पुन्हा बोलल्या, तेही बाहेर गेले. अखेर एका ज्येष्ठ सहकाऱ्याने खाली वाकून टॉकबॅक माइकची केबलच उपटली, आणि मगच तो प्रकार थांबला.

तेव्हापासून मी एकच क्रम पाळतो. चॅनेल लपवण्याआधी तो फेडरवर उघडा ठेवून त्याच्या सर्व बस नेमणुका रिकाम्या करायच्या, मग हव्या तेवढ्याच एकेक करून जोडायच्या, शो प्रोफाइल (कन्सोलची सगळी मांडणी) जतन करून ते पुन्हा लोड करायचे, आणि नेमणुका तशाच टिकल्या आहेत का हे पाहूनच फेडरवरून काढायचा. स्रोताचे नाव देतानाही काळजी घ्यावी. 2013 साली एईएस67 हे मानक आल्यापासून वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे नेटवर्कवरून एकमेकांशी ध्वनी देवघेव करू शकतात, त्यामुळे यादीत शेजारच्या स्टुडिओचा 'माइक 2'ही दिसतो आणि घाईत तोच निवडला जातो. 'स्टुडिओ अ पाहुणा' असे पूर्ण नाव लिहिले, तर ही गफलत होत नाही.

आता क्यू, म्हणजे एखादा स्रोत प्रसारित न करता फक्त आपण ऐकण्याची सोय. क्यूचा सिग्नल सहसा फेडरच्या आधी घेतलेला असतो, म्हणून फेडर पूर्ण खाली असतानाही तो ऐकू येतो, आणि येणारा फोन किंवा पुढची रेकॉर्डिंग श्रोत्यांच्या नकळत तपासता येते. काही कन्सोलवर फेडर तळाच्या खटक्याखाली ओढला की तो क्यूमध्ये जातो. ही सोय चांगली आहे, पण नवख्या हाताने फेडर जोरात खाली आणला तर क्यू नकळत चालू राहतो. क्यूमध्ये मोठा वाटलेला आवाज ऑन एअर मोठा असेलच असे नाही, कारण क्यूच्या स्पीकरची घुंडी वेगळी असते. पातळी मीटरवरच ठरवावी.

सर्वांत जास्त लक्ष क्यूच्या स्पीकरकडे द्यावे. निवेदकाच्या खोलीतला माइक चालू झाला की मुख्य मॉनिटर स्पीकर आपोआप बंद होतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्याच खोलीतला क्यू स्पीकर त्या म्यूटच्या यादीत घातला आहे का, हे फारसे कोणी तपासत नाही. तो वगळलेला असेल, तर क्यूवरचा आवाज उघड्या माइकमधून बाहेर जातो. निवेदक स्वतःच कन्सोल चालवत असेल, तर मी त्याला हेडफोनवर डाव्या कानात क्यू आणि उजव्या कानात प्रोग्रॅम देतो.

फोनवर बोलणाऱ्याला परत जाणारा फीड हा याच जोडणीचा भाग आहे. त्याला त्याचा स्वतःचा आवाज वगळून बाकी सर्व मिक्स मिळाले पाहिजे, म्हणजेच मिक्स-मायनस. नाहीतर मोबाइल नेटवर्कच्या विलंबामुळे त्याला स्वतःचेच शब्द उशिरा ऐकू येतात आणि तो अडखळतो. फोनचा चॅनेल बंद असताना त्याच फीडवर निर्मात्याचा टॉकबॅक यावा, चालू होताच मिक्स-मायनस यावे. हे तपासायला दुसरी युक्ती नाही: कार्यक्रमाआधी स्वतःच्या मोबाइलवरून केंद्रात फोन लावावा, चॅनेल बंद ठेवून आणि मग चालू करून बोलावे, आणि काय ऐकू येते ते नीट पाहावे.

कोकणातल्या पावसाळ्यात आणखी दोन गोष्टी जोडाव्या लागतात. दमट हवेने कनेक्टर गंजतात आणि करकर सुरू होते; फेडरवरच्या चॅनेलची करकर लगेच कळते, लपवलेल्याची कळत नाही, म्हणून दर आठवड्याला प्रत्येक लपवलेला चॅनेल मी फेडरवर आणून क्यूमध्ये ऐकतो. दुसरी गोष्ट विजेची. वीज गेली आणि यूपीएसही संपला, तर परत चालू होताना कन्सोल लपवलेले चॅनेल कोणत्या अवस्थेत आणतो, हे आधीच माहीत असले पाहिजे. मे महिन्याच्या अखेरीस, प्रसारण बंद असलेल्या रात्री, इंजिनचा पुरवठा मुद्दाम तोडून मी ही चाचणी घेतो, टॉकबॅक माइकसमोर एकाला बोलत ठेवतो, आणि प्रोग्रॅमच्या मीटरचा काटा हलत नाही ना, याकडे डोळे लावून बसतो.