एमजीबी चढावर बंद पडायची, शेवटी सापडलं कारण

माझी १९७२ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनलेली, १७९८ सीसी, दोन एसयू कंपनीचे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे). इंग्लंडात राहून हा छंद लागलाय आणि बायको तिला सवत म्हणते. तर झालं असं की गाडी सपाटीला मस्त पळायची पण लांब चढ आला की आचके द्यायची आणि बंद, दहा मिनिटं थांबलं की परत चालू. मी शहाणपणा करून आधी दोन्ही कार्ब्युरेटर खोलले, डॅशपॉटमध्ये (कार्ब्युरेटरवरची तेलाची छोटी नळी) नवीन २० नंबरचं तेल घातलं (तिथे तेल खरंच कमी होतं, म्हणजे अगदीच फुकट गेलं नाही), प्लग बदलले, दोन रविवार गेले आणि फरक शून्य.

मग एकदा बंद पडल्यावर नुसती चावी फिरवून गप्प बसलो. या गाडीचा पेट्रोल पंप मागे उजव्या चाकाजवळ असतो आणि चावी फिरवली की टिक टिक वाजतो, कार्ब्युरेटर भरले की थांबतो. त्या दिवशी आवाजच नाही! वाकून पान्याच्या मागच्या बाजूने हळूच ठोकलं, लगेच टिकटिक सुरू.

घरी जॅक-स्टँड लावून बघितलं तर पंपाची अर्थची वायर जिथे बॉडीला बोल्ट केलीये तिथे नुसता हिरवट गंज, म्हणजे पंपाला वीज नीट मिळतच नव्हती. सँडपेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासलं, नवीन लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) लावला, वर ग्रीस. पंपाचे पॉइंट्सही (आतले वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) काळे पडलेले, ते बारीक पेपरने पुसले. काम सुरू करायच्या आधी बॅटरीची वायर काढा हं, बाजूलाच पेट्रोल असतं. या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटमागे आहेत, तिथे हात घालताना कोपर सोलवटलंच.

खर्च एका लगचा.